इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर सायन्स की दोन्ही एकत्र?

पदवीसाठी यांतलं काय घ्यावं हे ठरवताना बहुतेक जण आधी पगार विचारतात. मी विचारेन, गणित कोणतं आवडतं?

इलेक्ट्रिकलचं गणित सलग बदलणाऱ्या राशींचं. डिफरन्शिअल इक्वेशन्स, संमिश्र संख्या, फूरिए आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म, पुढे मॅक्सवेलची समीकरणं. कॉम्प्युटर सायन्सचं गणित सुट्या सुट्या गोष्टींचं: तर्क, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), मोजणी, गणिती इंडक्शनने दिलेली सिद्धता. 'मला कोडिंग जमतं' म्हणून आलेल्यांची विकेट इथेच पडते. अल्गोरिदम बरोबर का आहे, डेटा दुप्पट झाला तर वेळ किती वाढेल, हे कागदावर दाखवावं लागतं. नुसता चालणारा प्रोग्रॅम पुरत नाही. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटीपासून मात्र दोन्हीकडे सुटका नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चुका शोधण्यातला फरक. प्रोग्रॅम चुकला तर बहुधा पुन्हा तसाच चुकतो. त्याला थांबवून ओळ न् ओळ तपासता येते. सर्किटचं तसं नाही. कागदावर बरोबर, सिम्युलेशनमध्ये बरोबर, ब्रेडबोर्डवर (सुटे भाग खोचून सर्किट जोडायची पाटी) ढिम्म. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब लावला की चालतं, काढला की बंद, कारण प्रोबचा स्वतःचा कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सर्किटमध्ये शिरलेला असतो! हे वाचून हसू आलं तर इलेक्ट्रिकल. नुसतीच चिडचिड झाली तर जपून.

दोन्ही एकत्र शिकवण्यामागे कारण आहे. रिलेची, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचची, सर्किटं बूलियन, म्हणजे खरं-खोटंच्या, बीजगणिताने मांडता येतात, हे गणितज्ञ आणि अभियंता क्लॉड शॅननने 1937 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. तिथल्या विभागाच्या नावात आज दोन्ही विषय आहेत. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटिमीटर जातो; चिप बनवणाऱ्याला म्हणूनच तर्क आणि तार दोन्ही कळावे लागतात. पण जोडपदवीत निवडीचे विषय कमी उरतात आणि कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) किंवा पॉवर सिस्टीमसारखं काहीतरी सोडावं लागतं. चिप, रोबोटिक्स, सिग्नल प्रोसेसिंग यांकडे ओढा असेल, तरच हा सौदा परवडतो.

अजिबात ठरत नसेल, तर माझा कौल इलेक्ट्रिकलला. प्रोग्रॅमिंग आणि अल्गोरिदम नंतर लॅपटॉपवर शिकता येतात. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि प्रयोगशाळेचा हात घरबसल्या येत नाही.