विंडो एसी रिपेअर करावा की नवीन घ्यावा? डोंबिवलीतल्या रिपेअरवाल्या काकांचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. दुकान डोंबिवली पूर्वेला एका गल्लीत आहे, बाहेर दोन जुने फ्रिज आणि एक उघडं वॉशिंग मशीन कायम उभं. नाव मुद्दाम टाकत नाही, एप्रिल-मेमध्ये काका आधीच फोन उचलत नाहीत, त्यात अजून गर्दी नको.

आमच्याकडे दोन विंडो एसी, दोन्ही दीड टनाचे. बेडरूममधला त्यामानाने अलीकडचा, हॉलमधला सासऱ्यांनी घेतलेला. या उन्हाळ्यात दोघांनी एकदमच मान टाकली. आधी कंपनीचा माणूस बोलावला, त्याने कव्हरसुद्धा न उघडता बेडरूमवाल्याचा कॉम्प्रेसर गेलाय म्हणून सांगून टाकलं, खर्च आठ-साडेआठ हजार, आणि वर "त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या ना मॅडम". व्हिजिट चार्ज घेतला तो वेगळाच.

काका आले ते सोबत पोरगा घेऊन, दोघांनी मिळून मशीन कॅबिनेटमधून पुढे ओढलं आणि आधी नुसतंच चालू करून ऐकत बसले. पंखा व्यवस्थित, कॉम्प्रेसर मात्र हुंऽऽ करायचा, काही सेकंदात टक्क करून ओव्हरलोड (कॉम्प्रेसर वाचवणारा स्विच) तोडायचा, पुन्हा थोड्या वेळाने तेच. काका म्हणाले, "ताई, तो चालू व्हायला बघतोय पण त्याला धक्का मिळत नाहीये." प्लग काढला, कॅपॅसिटर (सुरू होताना तो धक्का देणारा डबा) डिस्चार्ज केला (हे घरी कोणी करायला जाऊ नका, प्लग काढला तरी त्यात चार्ज असतो), मीटर लावला आणि माझ्यासमोर धरला. डब्यावर छापलंय ५० एमएफडी (मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता), मीटरवर ३१. वरचं झाकण फुगलेलं तर मलाही दिसत होतं. नवीन टाकला, क्लॅम्प मीटर लावून अँपिअर दाखवले, लेबर धरून हजाराच्या आत काम झालं. साडेआठ हजारांचा कॉम्प्रेसर तो हाच.

खरं कौतुक मात्र हॉलच्या मशीनबद्दल. तिथे पैसे कमवायला भरपूर वाव होता आणि काकांनी काम चक्क नाकारलं. थंड होत नव्हता. आपल्याकडे यावर एकच औषध असतं, गॅस भरा. दरवर्षी कोणीतरी येतं, दोन-अडीच हजार घेतं, गॅस भरून जातं आणि पुढच्या मार्चमध्ये परत तेच रडगाणं. काका म्हणाले विंडोचं गॅसचं सर्किट फॅक्टरीतून सील होऊन येतं, गॅस काय पेट्रोल आहे का वापरून संपायला, संपला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरणारा माणूस पुढच्या वर्षीची अपॉइंटमेंट घेऊन जातो. मागच्या कॉइलच्या कोपऱ्यात तेलाचा काळपट डाग होता (गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं म्हणे), तिथे साबणाचा फेस लावल्यावर बारीक बुडबुडे. एक लीक असता तर ब्रेझिंग करून (धातू वितळवून जोडून), नायट्रोजनने प्रेशर बघून, व्हॅक्यूम मारून (आतली हवा ओढून) वजनावर गॅस भरला असता. पण कॉइलच्या पत्र्यांना बोट लावलं तर ते भुगा होऊन हातात येत होते. खाडीकडची हवा, दुसरं काय. आज इथे जोडलं तर उद्या शेजारी फुटणार.

शिवाय त्यात आर२२ गॅस. ओझोनला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली तो बंद होत चाललाय, भारतात २०३० पर्यंतची मुदत आहे, नवीन मशीनमध्ये आर३२ वगैरे येतो आणि तो जुन्यात भरता येत नाही. आणि गॅस कमी असला की खोली गार होत नाही, थर्मोस्टॅट कट करत नाही, कॉम्प्रेसर अखंड सुरू. आमचं बिल ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये का जात होतं ते तेव्हा कळलं. काकांचा साधा हिशोब: कॅपॅसिटर, स्विच, थर्मोस्टॅट, पंख्याची मोटर गेली तर डोळे झाकून रिपेअर, कॉइल सडली तर सोडून द्या, आणि कॉम्प्रेसर गेला तर मशीनचं वय आणि कॉइल बघून ठरवा. मला पटलं.

मग हॉलला नवीन घेतला. स्प्लिटचा विचार केला होता पण आउटडोअर युनिट लटकवायला सोसायटी परवानगी देत नाही आणि खिडकीत फ्रेम आहेच. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढा फरक पडला. दुकानदार फाइव्ह स्टारच्या मागे लागला होता. स्टार लेबलवर जे वर्षाचे युनिट छापतात ते १६०० तासांचे असतात, आमचा हॉलचा एसी उन्हाळ्याचे तीन महिने संध्याकाळी चार-पाच तास, म्हणजे साधारण ४०० तास, बचतही पाव. वरचे पैसे कधी वसूल होणार? थ्री स्टार घेतला. रात्रभर चालणाऱ्या बेडरूमला मात्र मी फाइव्ह स्टारच बघितला असता. लेबलवरचं वर्षही बघा, जुलै २०२२ मध्ये नियम कडक झाल्यावर आधीचा फाइव्ह स्टार फोरवर आला होता, त्यामुळे जुना स्टॉक असेल तर नुसते स्टार मोजून उपयोग नाही. आणि खिडकीचं माप घेऊन जा, प्रत्येक कंपनीची बॉडी थोडी वेगळी.

आता कापलेला स्टार. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं तर वहीचं पान. "उद्या येतो" म्हणजे परवा. पोराने कॉइल धुतली ती बाल्कनीत, काळं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर, पुढची बोलणी मी खाल्ली. नवीन मशीनमधून आतल्या आत पाणी उडाल्यासारखा चुळचुळ आवाज येतो म्हणून फोन केला तर म्हणाले काही करू नका, पंख्याची रिंगच ते पाणी कॉइलवर उडवते, त्याने कॉइल गार राहते, कोणी तळाला भोक पाडून देतो म्हणाला तर पाडू देऊ नका.

जायचं असेल तर फेब्रुवारीत जा. तेव्हा फोनही उचलतात.