टिअरड्रॉप ट्रेलरची गोलाई: प्लाय वाकवावा की पट्ट्या जोडाव्यात?

घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधायचा म्हटलं की बहुतेकांचं मन टिअरड्रॉपवर, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरवर बसतं. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी. अमेरिकेतले हौशी लोक १९३०च्या दशकापासून तो गॅरेजमध्ये बांधत आले आहेत. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात त्याचा आराखडाही छापून आला होता. बाजूच्या भिंती सपाटच असतात. प्लायवर आकार आखून जिगसॉ (वक्र कापणारी विजेची करवत) फिरवली की काम झालं. कस लागतो तो छपराच्या गोलाईत, आणि तिचा निर्णय सामान आणायच्या आधी व्हायला हवा.

पहिला प्रश्न असा, की गोलाई एकाच दिशेने हवी की दोन्ही? प्लाय एका वेळी एकाच दिशेला वळतो. पुढून मागे वळवला की आडवा तो सरळच राहणार. होडीच्या बुडासारखं चहूकडून उतरतं छप्पर हवं असेल तर प्लायच्या शीटचा नाद सोडावा.

एका दिशेची गोलाई पुरेशी असेल (माझ्या मते नव्वद टक्के लोकांना ती पुरते) तर पातळ प्लायला तोड नाही. दोन भिंतींमध्ये आडवे दांडे बसवायचे, वळण जास्त तिथे जवळजवळ, आणि त्यावर प्लाय पांघरायचा. इथे सगळा खेळ वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषांचा, म्हणजे तंतूंच्या दिशेचा आहे. ६ मिमी प्लायच्या रेषा ट्रेलरच्या रुंदीत आडव्या असतील तर तो साधारण २ फूट त्रिज्येपर्यंत कोरडाच वळतो. त्याच रेषा लांबीत धावत असतील तर ५ फुटांच्या आत आणू नये. आता ४ बाय ८ची शीट ४ फूट रुंद ट्रेलरवर सरळ टाकली की रेषा नेमक्या लांबीतच येतात! म्हणून पुढच्या वळणासाठी शीटचे ४ बाय ४चे दोन तुकडे करा, काटकोनात फिरवा आणि सांधा दांड्यावर घ्या. तीन थरांच्या काही शीट्समध्ये मधला थर जाड आणि बाहेरचे कागदासारखे पातळ असतात, तिथे हा हिशेब उलटतो. त्यामुळे दुकानातच शीट दोन्ही बाजूंनी हाताने दाबून बघा आणि मगच पैसे द्या.

वळण याहून आवळ हवं असेल तर ३ मिमीचे दोन थर एकावर एक चिकटवा. एकेक थर सहज वळतो, आणि गोंद सुकल्यावर दोन्ही मिळून तो आकार धरून ठेवतात. फारच अडलं तर गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल प्लायवर टाकून पट्ट्याने हळूहळू आवळायचं. मात्र चिकटवण्याआधी तो त्याच आकारात पूर्ण वाळू द्या. ओल्या लाकडावर इपॉक्सी (दोन द्रव मिसळून करायचा पक्का गोंद) धरत नाही.

आतल्या बाजूने खाचा पाडून जाड प्लाय वाकवायची पद्धत दिसायला सोपी आहे, पण मी ती बाहेरच्या अंगाला कधीच सुचवणार नाही. बाहेर दीडेक मिलिमीटर लाकूड उरतं, त्यावर खाचांचे पैलू उमटतात, आणि रस्त्याचे धक्के नेमके त्याच रेषांवर बसतात. आतल्या कपाटाच्या गोल कोपऱ्याला चालेल. वाफेची पद्धत भरीव लाकडासाठी, दर इंच जाडीला तासभर. छपराला तिचा उपयोग नाही.

आता दोन्ही दिशांच्या गोलाईकडे. लाकडी कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) बांधणारे वापरतात तीच ही पद्धत: साधारण फुटाफुटावर साचे उभे करायचे, त्यावर रेड सीडरच्या ६ मिमी जाड, पाऊण इंच रुंद पट्ट्या एकेक करून जोडायच्या, घासून गुळगुळीत करायच्या आणि आतबाहेर फायबरग्लास-इपॉक्सी चढवायचं. वजन कमी, दांड्यांची गरज जवळजवळ नाही, आणि जो आकार येतो त्याला शीट कधी पोचणार नाही. पण घासकाम अमाप आहे, आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. हातमोजे आणि योग्य मास्क यांत हयगय नको. लाकूडकामाचीच आवड असेल तर हे करा. पुढच्या उन्हाळ्यात डोंगरात जायचं असेल तर प्लाय घ्या.

भारतात कोणी पिकअपवर बसवायची केबिन याच तंत्राने करणार असेल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय मागावा. फर्निचरवाल्यांचा फ्लेक्सी प्लाय भराभर वळतो, पण पावसाळ्याच्या तोंडी उघडा टाकायचा माल तो नव्हे.

राहिलं मागचं झाकण. सर्वांत आवळ वळण तिथेच, पाणी शिरायची जागाही तिथेच. त्याच्या फासळ्या वाकवू नका. बैलगाडीच्या चाकाचा घेर सुतार जसा वक्र तुकडे कापून जुळवतो, तशा त्या १८ मिमी प्लायमधून कापून घ्या. त्यावर प्लायचं एकच जाड आवरण चढवलं तर झाकण काढल्यावर ते सरळ व्हायला बघतं आणि खालची कड भिंतीपासून सुटते. मग रबराची पट्टी कितीही जाड लावा, धूळ आत येतेच. ३ मिमीचे दोन थर, फासळ्या भिंतीच्या आकारापेक्षा किंचित जास्त गोल, आणि गोंद पूर्ण मुरेपर्यंत झाकण ट्रेलरवरच आवळून ठेवलेलं, एवढं केलंत तर कड बसते. बिजागरी लांबलचक ॲल्युमिनियमची, वरून पाणी ओघळून जाईल अशा घडीची घ्या आणि ती झाकणाच्या पूर्ण रुंदीत लावा.