राईट क्लिकच्या मेनूसाठी नाईलसॉफ्ट शेल वापरून बघाच

विंडोज ११ आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, राईट क्लिक केलं की तो छोटा मेनू येतो आणि जुने बरेचसे ऑप्शन 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत जातात. शिफ्ट दाबून राईट क्लिक केलं तर जुना मेनू थेट येतो, पण दिवसभर फायलींचंच काम असेल तर प्रत्येक वेळी शिफ्ट कोण दाबणार?

मी नाईलसॉफ्ट शेल टाकलं, हा मेनू आपल्याला हवा तसा बदलता येणारा प्रोग्राम, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि खरंच मस्त आहे. नको ते ऑप्शन काढून टाकायचे, हवे ते वर आणायचे, स्वतःचे नवीन पण टाकता येतात. मी 'बिलं' नावाची एक ओळ टाकलीये, डेस्कटॉपवर कुठेही राईट क्लिक करून ती दाबली की महिन्याच्या बिलांचं फोल्डर उघडतं, आधी त्याच्यासाठी चार फोल्डर उघडत आत जावं लागायचं, एवढ्यासाठीच मला हे फार आवडतं.

फक्त एक आहे, सेटिंगची खिडकी वगैरे नाही, नोटपॅडमध्ये त्याची सेटिंगची फाईल उघडून हातानेच लिहायचं. एक अवतरणचिन्ह राहिलं तरी गडबड होते, माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली. म्हणून आधी मूळ फाईलची कॉपी ठेवा आणि एकेकच ओळ बदलून बघत जा, बदल केल्यावर कंट्रोल दाबून राईट क्लिक केलं की नवीन मेनू लगेच लोड होतो, कॉम्प्युटर रिस्टार्ट करायला नको. ऑफिसच्या मशीनवर टाकायचं असेल तर आयटीवाल्यांना आधी विचारा.