‘३० एक्स’ छापलेलं घडीचं भिंग : कासच्या निळ्या फुलांसाठी घ्यावं का?

सराफी हत्यारांच्या दुकानात आणि ऑनलाइनही मिळणारं हे भिंग. धातूच्या कवचातून फिरून बाहेर येतं, कवचावर ‘३० एक्स – २१ मिमी’ असं छापलेलं असतं आणि दोनशे-तीनशे रुपयांत येतं. सप्टेंबरात कास पठारावर सीतेची आसवे ही निळी फुलं बघायला जाणार असाल तर जरूर घ्या, फक्त ते तीसपट आहे असं समजून घेऊ नका.

आकडा खरा की खोटा, हे साध्या मोजपट्टीनं कळतं. दिवसा खिडकीसमोर कोरा कागद धरा. बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत भिंग मागेपुढे करा. मग भिंग आणि कागद यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५० ला त्या आकड्यानं भागा. अंतर २५ भरलं तर भिंग दहापट, आणि या मालात बहुधा त्याच्याच आसपास उत्तर येतं. खऱ्या तीसपट भिंगाला हे अंतर जेमतेम ८ मिमी लागेल. २१ मिमी रुंद काचेला ते जमायचं नाही. खऱ्या तीसपट भिंगाची काच फार लहान असते.

पण कासला तीसपट हवंय कुणाला? आसवांचं फूल सेंटिमीटरभर, दांडा दोऱ्यासारखा बारीक आणि पठारावरचा वारा थांबत नाही. तीसपट भिंगात फूल नजरेत टिकणारच नाही. दहापटीत मात्र दोन निदलं (फुलाच्या बुडाशी असणारी, कळी झाकणारी दलं), निळ्या-जांभळ्या खालच्या ओठाच्या फुगवट्यावरचा पांढरट डाग, मागची मध साठवणारी टोकदार नळी हे सगळं नीट दिसतं. शेजारी गेंद असतोच. त्याच्या पांढऱ्या बोंडात किती बारीक फुलं दाटलीत ते याच भिंगातून कळतं. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या केसांच्या टोकावरचे चिकट थेंब तर पैसे वसूल करून देतात.

दिसणार नाहीत ते सीतेच्या आसवांचे सापळे. ही वनस्पती कीटकभक्षी. कातळावरच्या पातळ, पाणथळ मातीत नत्र कमी, म्हणून मातीखालच्या मिलिमीटरभर पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. पिशवी आतलं पाणी बाहेर उपसून दबून बसते. दाराजवळच्या केसाला धक्का लागला की दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. ते बघायला रोप उपटावं लागेल, आणि कासला फुलालासुद्धा हात लावायचा नाही. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे, तरी वाटेबाहेर पाय टाकणारे दर मोसमात दिसतातच.

म्हणून वाटेच्या कडेचाच ताटवा निवडा. प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून गुडघे टेका. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि फूल अडीच सेंटिमीटरवर येईपर्यंत डोकं पुढे न्या. नवखे बहुतेक भिंग फुलाजवळ धरून लांबून बघतात. मग इवलासा गोल दिसतो आणि भिंगाला नावं ठेवली जातात. चष्मा काढायची गरज नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर कमी शिणतात.

आता खोड्या. कडांना निळ्या-तांबड्या झालरी दिसतात, त्यामुळे फुलाचा रंग मधल्या भागातच खरा धरा. काही नगांत काचेऐवजी प्लॅस्टिक असतं; गालाला लावून बघा, काच गार लागते. प्लॅस्टिकवर एका पावसाळ्यात ओरखडे पडतात. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरनं आवळता येतो. कासच्या धुक्यात काचेवर वाफ धरते. भिंग शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवलं की त्रास कमी. पुसायला सुती कापड, तेही काच फुंकून माती उडवल्यावरच.

एलईडीवालं घेऊ नका. ओल्या पाकळ्यांवर प्रकाश चमकतो, निळा रंग फिका पडतो आणि पाणी गेलं की दिवा बंद.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग टेकवून फोटो येतो, पण फक्त मधला. कडा कापूनच वापरा. वनस्पती ओळखण्याचं काम नेमानं करणाऱ्यांनी तीन काचा जोडलेलं, खरं दहापट ‘ट्रिपलेट’ घ्यावं. ते कितीतरी महाग पडतं, पण झालरी जवळपास जातात. लहान मुलांना मात्र यांतलं काहीच नको. त्यांच्या हाती दोन-तीन पटीचं मोठं, मुठीचं भिंग द्या. त्यात फूल पटकन सापडतं.