वाइनची खेळणी: कशावर खर्च करावा, कशावर नाही

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या’ हा सल्ला सोलापुरात बाद. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. रेडला १६ ते १८ अंश पुरेत. त्यासाठी बाटलीवर चढवायची महागडी कूलिंग स्लीव्ह नको. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसता बर्फ काचेला जेमतेम टेकतो, म्हणून वेळ जास्त लागतो.

एरेटर वाइनमध्ये हवा मिसळतो, एवढं खरं. पण अकलूजकडची तरुण सांजोव्हेजे (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) एखाद्या भांड्यात दोन-चारदा खालीवर ओतली की तेच काम फुकटात होतं.

उघडलेली वाइन हवेने बिघडू नये म्हणून बाटलीतली हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची जाहिरात सर्वात फुगवलेली. हवा पूर्ण निघत नाही, आणि रबरी बूच सैल पडलं की रात्रीत परत आत शिरते. उरलेली वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. स्पार्कलिंगला तर पंप लावूच नका, बुडबुडेच ओढले जातात.

इलेक्ट्रिक ओपनर? आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं! बुचासाठी साधा वेटर ओपनर, म्हणजे बूच दोन टप्प्यांत ओढणारा घडीचा ओपनर घ्या. पैसे वसूल होणारी वस्तू तेवढीच.