मांडवीच्या वाटेवरचं जुन्या सामानाचं दुकान: इथे बाटलीचा तळ निवांत बघू देतात

रत्नागिरीत मांडवीकडे जाताना लागणाऱ्या या दुकानात मी तिसऱ्यांदा गेलो. पुढे समया, पाटे-वरवंटे, जहाजाचे कंदील; बाटल्या मागच्या फळीवर. गोटी सोड्याच्या हिरवट बाटल्या भरपूर आहेत, पण माझा जीव रंगीत छपाईच्या बाटल्यांवर. बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरातून त्या येतात, असं दुकानातले काका सांगतात.

या वेळी लाल-पांढऱ्या अक्षरांची एक अमेरिकन बाटली दिसली. चिठ्ठी होती 'सन 1936'. तळ बघू का, विचारलं. काकांनी बाहेर उजेडात स्टूल टाकलं, "बसा, घाई नाही" म्हणाले.

तळाला शंकरपाळीसारखा चौकोन, त्यावर आडवा लंबगोल, मधोमध 'आय' हे इंग्रजी अक्षर. ही ओवेन्स-इलिनॉय कंपनीची खूण. दोन काचकंपन्या एक होऊन 1929 मध्ये ती झाली. डावीकडे 9, म्हणजे इलिनॉयमधल्या स्ट्रीटर गावचा कारखाना. उजवीकडे 6, वर्षाचा शेवटचा आकडा. काकांनी त्यावरून 36 धरलं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण अशी छपाई 1930 च्या दशकाच्या मध्याला आलीच होती. पण खाली तिरप्या वळणाने 'ड्युराग्लास' हा शब्द उठलेला होता, आणि तो या कंपनीच्या तळांवर 1940 पासूनचा. म्हणजे 36 बाद. बोट फिरवलं तेव्हा 6 च्या पुढे मोहरीएवढा ठिपकाही लागला. 1940 च्या दशकात कारखाने आकड्यापुढे असा ठिपका घालत. बाटली 1946 ची!

काकांनी माझ्यासमोर जुनी चिठ्ठी काढून नवी लावली आणि पाचशेची बाटली साडेतीनशेला दिली. असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

एकच तक्रार आहे, आणि ती काकांनाही सांगितली. बाटल्या राखेने नि काथ्याने घासू नयेत. हा रंग काचेवर भट्टीत भाजून बसवलेला असतो, नखाने निघत नाही, पण राखेने झिजतो. शेजारच्या बाटलीवरचं अर्धं नाव असंच गेलं होतं. हातात घेऊन फार हळहळलो. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

सोमवारी बंद असतं. भिंग घरून न्या.