जुळ्या टॉवरमधला फ्लॅट: पूर्वेचा की पश्चिमेचा?

जळगावात जुळ्या टॉवरच्या प्रकल्पात फ्लॅट घेताना भाची अडली आहे: पूर्वेचा टॉवर की पश्चिमेचा? दर सारखा, पोडियम (दोन्ही टॉवरखालचा चौथरा), पार्किंग, बाग सामायिक, म्हणून मेंटेनन्सही सारखाच.

खरा फरक उन्हाचा. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेची भिंत वाचते. तापते ती पश्चिमेची, आणि रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. पश्चिमेचा टॉवर हा मारा थेट झेलतो. पूर्वेच्या टॉवरला त्याची सावली मिळते, पण मधलं अंतर कमी असेल तरच. वरच्या मजल्यांना तर कमीच. अंतर फारच कमी असेल तर समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. ब्रोशरमधलं चित्र सोड बाई, अंतर किती ते महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांत बघ.

मोकळी हवा आणि नजारा पश्चिमेला चांगला.

घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ दुपारभर असेल, तर पूर्वेचा, मधल्या मजल्यावरचा घ्यावा. दोघं दिवसभर नोकरीवर असाल, तर पश्चिमेचाही चालेल. फक्त बाल्कनी खोल हवी आणि झोपायची खोली पश्चिमेच्या भिंतीला नको.